चुन्याखालचा गुलाबी

मिस्त्रींनी रंगांचं कार्ड माझ्यापुढं उघडून धरलं तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "रंगाचं नंतर बघू. आधी सगळ्या भिंती खरवडून काढा."

"सगळ्या?"

"सगळ्या. गिलावा दिसेपर्यंत."

मिस्त्री साठीचे होते, उमरीतलेच. दाढी पांढरी, आणि अंगातल्या शर्टावर आजवर रंगवलेल्या घरांचे ठिपके. सोबत त्यांचा मेव्हणा होता, तो बोलत नसे. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, जुनं घर हाय. वरून पुट्टी मारली की सगळं झाकून जातंय. खरवडायला बसलो तर लई दिवस जातील."

"जाऊ द्या. मला झाकायचं नाही, काढायचंय."

त्यांनी कार्ड मिटलं आणि पिशवीतून खरवडायची पत्री काढली. घर माझ्या नावावर होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. पुढं बैठक, मधलं घर, स्वयंपाकघर, आणि अंगण ओलांडून मागं दोन खोल्या. स्टेशनाकडून गाडी गेली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्या आवाजाची मला सवय होती, कारण मागच्या त्या दोन खोल्यांमध्ये मी आणि माझी आई अकरा महिने भाड्यानं राहिलो होतो.

त्याला अठरा वर्षं झाली. मी नर्स म्हणून नव्यानं नोकरीला लागले होते आणि पहिली नेमणूक उमरीच्या सरकारी दवाखान्यात मिळाली. वडील मी लहान असतानाच गेले होते. आईनं किनवटकडं एका निवासी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून सगळी उमर काढली. मला नोकरी लागली तसं मी तिला म्हटलं, आता बस झालं, माझ्याकडं चल. ती दोन पेट्या आणि एक पाटा-वरवंटा घेऊन आली.

घरमालक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. खोली बघायला गेले तेव्हा सरांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्या आडनावाचे लोक सगळ्या जातींत सापडतात. सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यातलेच." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चोवीस वर्षांची होते, आठ दिवस खोली शोधत फिरत होते, पाय दुखत होते.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "बाई, आपून लपवून न्हाई ऱ्हायचं."

"लपवलं कुठं? त्यांनी विचारलंच नाही."

"त्यांनी इचारलंच की." एवढं बोलून ती परत थापायला लागली.

पण नंतर तीच त्या घरात रमली. दिवाळीच्या आधी तिनं सरांना विचारून मागच्या दोन्ही खोल्या स्वतः रंगवल्या. दुकानातून गुलाबी रंगाची पुडी आणली, बादलीत कालवली, आणि मी ड्युटीवरून यायच्या आत एक खोली संपवली. तिच्या भुवयांवरसुद्धा गुलाबी ठिपके होते. म्हणाली, "जिंदगीभर त्या होस्टेलच्या पांढऱ्या भिंती बघितल्या. एकदा तरी रंगाच्या खोलीत झोपावं म्हनलं."

काकू आणि आई दुपारभर एकत्र असायच्या. उन्हाळ्यात दोघींनी मिळून गच्चीवर कुरडया घातल्या. काकूंचे गुडघे दुखायचे, तर आई रोज संध्याकाळी तेल कोमट करून त्यांचे गुडघे चोळून द्यायची. मी सरांना घरीच इंजेक्शन द्यायचे, दवाखान्यात रांगेत बसायला नको म्हणून. काकू आम्हाला चहा द्यायच्या तो त्यांच्या चांगल्या कपबशांमधून. पांढऱ्या कपावर काठाला बारीक हिरवी वेल. "सिस्टरच्या आई, बसा हो, चहा घेऊन जा," अशी हाक अंगणातून रोज यायची.

अकराव्या महिन्यात माझी मावशी गावाकडून आली. दार सापडेना म्हणून ती पुढच्या बैठकीतच शिरली, आणि सर खुर्चीत बसलेले बघून तिनं मोठ्यानं आमचा नमस्कार घातला. तो शब्द ऐकला की पुढच्याला सगळं कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. सरांनी तिला मागचं दार दाखवलं. त्या संध्याकाळी काकूंनी हाक मारली नाही. आई तेलाची वाटी घेऊन गेली तर दार लावलेलं होतं, आतून काकू म्हणाल्या, "आज बरं आहे, राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सर अंगणात येऊन उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच गोड. "सिस्टर, मुलगा येणार आहे सुट्टीला. खोल्या लागतील. पंधरा दिवसांत बघा कुठं जमतं का."

मुलगा त्या वर्षी आला नाही. नंतर मी दवाखान्यातल्या शिपायाकडून खात्री करून घेतली होती.

निघायच्या दिवशी टेम्पो गल्लीत उभा होता. सामान चढवून झालं, आई पुढं बसली आणि मग तिला लोणच्याची बरणी आत राहिल्याचं आठवलं. ती आणायला गेली. मी टेम्पोजवळ दोर आवळत होते. ती लगेच परत आली, हात मोकळे. पदर तोंडाला लावलेला.

"बरणी?"

"ऱ्हाऊ दे."

मी आत गेले. आमच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. काकू वाकून, ते दुखरे गुडघे घेऊन, तांब्यातलं गोमूत्र कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडत होत्या. फरशीवरून बादल्यांनी पाणी ओतलेलं होतं. अंगणात कोणीतरी चुन्याची बादली ढवळत होतं, त्याची पाठ माझ्याकडं. मला बघून काकू सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "काही नाही हो, सणाचं काढलंय." सण कुठलाच जवळ नव्हता. आमचा टेम्पो अजून दारात होता, त्याचं इंजिन चालू होतं.

मी काहीही बोलले नाही. याच गोष्टीचा राग मला पुढं अठरा वर्षं येत राहिला.

आईनंही त्यावर कधी एक शब्द काढला नाही. पण त्या दिवसानंतर ती कोणाच्याही घरात गेली नाही. पुढं माझी बदली जळकोटला झाली, मग लातूरला. प्रत्येक ठिकाणी शेजारणी बोलवायच्या, लग्नाची, बारशाची आमंत्रणं यायची. ती अंगणापर्यंत जायची आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बोलायची. "इथंच बरंय, वारं लागतंय," म्हणायची. माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरी, आमच्याच माणसांत, ती पायरीवर बसून जेवली. लातूरला असतानाच ती गेली.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मी बदली मागून उमरीला परत आले, आणि महिनाभरात कळलं की सरांचं घर विकायला काढलंय. सर आणि काकू नांदेडला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले होते. व्यवहाराचे सगळे अधिकार मुलाकडं. त्याला ते जुनं घर लवकरात लवकर मोकळं करायचं होतं.

नवरा जिल्हा परिषदेचा शिक्षक, शांत माणूस. तो घर बघून आला आणि म्हणाला, "छत गळतंय. भिंतींना ओल आहे. यापेक्षा प्लॉट घेऊन नवं बांधू."

"मला हेच पाहिजे."

त्याला मी लग्नानंतर कधीतरी सगळं सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "तू घर घेतेयस का सूड?"

"दोन्ही," मी म्हणाले.

कागदांवर माझं सासरचं नाव लागलं. मुलानं सह्या केल्या, त्याला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. त्यात मला एक सुख होतं. घर पुरतं बदलून झाल्यावर त्यांना बोलवायचं आणि मगच कळू द्यायचं, असं मी किल्ली हातात पडायच्या आधीच ठरवलं होतं.

काम सुरू झालं तसं मी महिनाभराची रजा टाकली. स्वयंपाकघरातला ओटा तोडायला गवंडी आला, तर पहिला घण मी मारला. दोनदा नेम चुकला, तिसऱ्यांदा कडाप्प्याचा कोपरा उडाला. गवंडी हसला. बैठकीत सरांची आरामखुर्ची असायची तिथं शहाबादी फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार डाग पडले होते. फरशी चांगली होती, घासली असती तर डाग निघाले असते. मी ती सगळी उखडायला लावली. मधल्या घरात भिंतीत देवघराचा कोनाडा होता, संगमरवरी पाटी बसवलेला. तिथं चपलांचं कपाट करा म्हटल्यावर मिस्त्री शिडीवरून खाली उतरले.

"बाई, एक बोलू का? देव कोनाचा बी असू द्या. त्या जागी चपला नका ठेवू. मी न्हाई करनार ते काम."

मी चिडले, पण त्यांच्यापुढं हट्ट चालला नाही. शेवटी तिथं काचेचं दार लावून मी औषधांचा डबा ठेवला.

रोज मी खरवडलेल्या रंगाचा ढीग स्वतः घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकायचे. पिवळा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली कुठला तरी निळसर. सरांच्या घरातली एकेक दिवाळी मी बाहेर फेकतेय असं वाटायचं आणि बरं वाटायचं. नवरा संध्याकाळी शाळेतून येऊन माझ्या केसांतली धूळ झटकून द्यायचा.

सगळ्यात शेवटी मागच्या खोल्या आल्या. मिस्त्रींनी पत्री लावली तर चुन्याचे पापुद्रे हाताच्या पंजाएवढे निघायला लागले, आणि खालून गुलाबी रंग उघडा पडला. फिक्कट, कुठं कुठं डाग पडलेला, पण गुलाबीच. मी दारातच उभी होते.

मिस्त्री बोटानं कड तपासत होते. "बघा बाई, हा चुना कसा सुटून राहिला. खाली धूळ बी झाडली न्हाई. लई घाईत मारलाय." मग ते थांबले. खोलीभर नजर फिरवली, कोपऱ्यात गेले, तिथला पापुद्रा काढून पाहिला, तो जाड होता. "हात तिच्या. हे तर माझंच काम हाय."

"तुमचं?"

"हाव. लई वर्षं झाली. सरांनी सकाळी मानूस पाठवला, म्हनले आताच्या आता ये. जुम्मा होता, मी म्हनलं नमाजनंतर येतो, तर न्हाई, आत्ताच. आलो तर खोली वल्ली, पानी तसंच फरशीवर. वल्ल्या भिंतीवर चुना धरत न्हाई, सांगितलं मी. काकू म्हनल्या, धरो न धरो, मार. कोपऱ्यात तीन हात मार. मला वाटलं घरात कोन तरी वारलं."

म्हणजे ती पाठ यांची होती. मी विचारलं, "अजून काय आठवतंय?"

"आजून?" ते हसले. "काकूंनी कपबशा काढून अंगनात ठेवल्या होत्या, टोपल्यात. चांगल्या, सहाच्या सहा. म्हनल्या, ह्या टाकून दे. मी म्हनलं टाकायच्या कशाला, मी घेऊन जातो. घेऊन गेलो. लेकीला बघायला पावनं आले तवा त्याच कपात चहा दिला. दोन आजून हायेत घरी."

"कसे आहेत?"

"पांढरे. वर हिरवी वेल."

मी बाहेर अंगणात गेले आणि नळ सोडून तोंड धुतलं. खोलीचं मला माहीत होतं. कपांचं माहीत नव्हतं. आई गुडघे चोळून झाल्यावर हात धुऊन, काकूंच्या शेजारी बसून त्या कपातून चहा प्यायची, फुंकर मारत. तिच्या ओठांना लागले म्हणून सहाच्या सहा कप टोपल्यात गेले होते.

परत आत येऊन मी मिस्त्रींना म्हणाले, "ते दोन कप मला दोन दिवसांसाठी आणून द्याल का?"

"द्याल का काय, आनतो की." त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून कप घेऊन आले. बशाही दोनच उरल्या होत्या, त्यातल्या एकीचा टवका उडालेला.

मिस्त्रींना मी मागच्या खोलीतली एक जागा, दाराच्या बाजूला हातभर, तशीच सोडायला सांगितली. बाकी सगळीकडं प्रायमर आणि रंगाचा पहिला हात लागला. मग मी सरांच्या मुलाला फोन केला. म्हटलं, घराचं काम होत आलंय, आई-वडिलांना एकदा बघायला घेऊन या, त्यांच्या हातचं घर आहे. तो इतका खूश झाला की म्हणाला, "ताई, असं कोण विचारतं आजकाल?"

रविवारी ते आले. मुलगा गाडी लावून कोणाला तरी भेटायला गेला. सर काठी टेकत, काकू वॉकर घेऊन. दोघंही फार म्हातारे झाले होते. मी आता जाडजूड, चष्मा लागलेली. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना खोली खोली फिरवलं. ओटा कुठं गेला, फरशी का काढली, कोनाड्यातला देव... काकूंच्या चेहऱ्यावरून एकेक जागा सरकत होती आणि मी ती बघत होते. मला त्यांची कीव आली नाही. सर मात्र मोठमोठ्यानं बोलत होते, "हा रंग जरा भडक झाला हं," वगैरे.

बैठकीत बसवून मी चहा आणला. ते दोन कप ट्रेमध्ये, हिरव्या वेलीचे. टवका उडालेली बशी मी मुद्दाम काकूंना दिली.

सरांनी बशीत चहा ओतला, सूर्रकन प्याले आणि कप उचलून डोळ्यांजवळ नेला. "अगं, असल्या कपबशा आपल्याकडं होत्या, नाही का?"

काकूंचा हात कपाच्या कानापाशी थांबला होता. "होत्या," त्या म्हणाल्या.

"मग काय झालं त्यांचं?" मी विचारलं.

"फुटल्या."

"सहाच्या सहा?"

तेव्हा काकूंनी वर बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिल्या. "सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या. "आई कशा आहेत?"

"गेली. तीन वर्षं होत आली."

"कोण गं?" सर विचारत होते. "कोण आहेत या?"

"चला, मागं दाखवायचंय काहीतरी," मी म्हणाले. काकूंना उठायला हात दिला नाही. त्या वॉकर ढकलत अंगण ओलांडून आल्या, मागून सर. मिस्त्री त्या खोलीत दाराला पॉलिश पेपर मारत होते, ते बाजूला झाले. मी भिंतीतली ती हातभर गुलाबी जागा दाखवली.

"हा रंग माझ्या आईनं दिला होता. स्वतःच्या हातानं. आणि आमचा टेम्पो दारात उभा असताना तुम्ही यावर चुना मारून घेतला. फरशी धुतली, गोमूत्र शिंपडलं, कप टाकून दिले. तिनं ते सगळं बघितलं. त्यानंतर मरेपर्यंत ती कोणाच्या घराचा उंबरा चढली नाही. ती तुमचे गुडघे चोळायची, काकू."

मी हे पुष्कळदा मनात घोकलं होतं. प्रत्यक्षात एकही शब्द गाळला नाही.

सरांच्या लक्षात आलं तसे ते काठी आपटून म्हणाले, "हे बघा, मी चाळीस वर्षं शिकवलं. वर्गात कधी कोणाची जात विचारली नाही. सगळ्यांना सारखं वागवलं."

"वर्गात नसेल विचारली. खोली देताना विचारली."

"त्या काळात..."

"तो काळ म्हणजे अठरा वर्षांपूर्वीचाच आहे, सर. आणि तुमचं इंजेक्शन मी द्यायचे. ते नाही धुतलं तुम्ही."

काकू रंगाच्या डब्यावर बसल्या होत्या. डोळे कोरडे, ओठ हलत होते. मुलगा आला तेव्हा सर गाडीत जाऊन बसले होते. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." बैठकीत काकूंचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

त्या दुपारी मला अशी भूक लागली की मी उभ्यानं तीन भाकरी खाल्ल्या. नवऱ्याला सगळं रंगवून रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "मोकळं वाटतंय?" मी म्हटलं, "लई."

सोमवारी सकाळी मिस्त्री आले ते कामाचे कपडे न बदलता अंगणातच उभे राहिले. "बाई, कप घेऊन जातो."

मी धुऊन ठेवलेले कप आणले. त्यांनी ते हातात घेतले पण निघाले नाहीत.

"काल मी समदं ऐकलं. तुमच्या मायसोबत झालं ते लई वाईट झालं. मी चुना मारला, मला ठाव असतं तर मारला नसता, खुदा गवाह. पन एक इचारायचंय. हे कप अठरा वर्षं माझ्या घरी हायेत. माझी घरवाली, माझी लेक, आमी समदे पितो त्यातून. तुमी ते काकूला शिक्षा म्हनून दिले. फुटकी बशी बी मुद्दाम त्यांच्याच पुढं ठेवली, जाताना बघितलं मी. म्हंजे ज्या कपातून आमी पितो, त्यातून प्यायला लागनं ही शिक्षा झाली का?"

मी तसं म्हणून दिलेच नव्हते, असं म्हणावंसं वाटलं. पण काकूंनी तो कप ओळखावा आणि मग तो आता कुठून आला असेल याचा विचार करावा, हे मला हवं होतंच. ट्रे लावताना ते माझ्या मनात आलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही दिले नसते."

"न्हाई दिले नसते," ते म्हणाले. कप पिशवीत ठेवले, कपडे बदलले आणि शिडी लावली. पुढचे आठ दिवस ते कामापुरतं बोलले. रंगाचा शेवटचा हात अगदी सफाईनं मारला, एक ठिपका खाली पडू दिला नाही. गृहप्रवेशाच्या जेवणाला मेव्हणा आला, ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी डबा पाठवला, तो त्यांच्या बायकोनं ठेवून घेतला आणि रिकामा परत न पाठवता त्यात खजूर घालून दिले.

आम्ही राहायला आलो त्याला दोन महिने झाले असतील. दुपारी दवाखान्यातून येऊन मी पाय सोडून बसले होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून काकू. दबक्या आवाजात, मागं कुठंतरी टीव्ही चालू.

"सिस्टर, यांना सांगू नका मी फोन केला ते. मला झोप येत नाही हो. तुमच्या आई डोळ्यापुढं येतात. यांनी सांगितलं म्हणून केलं मी तेव्हा. माझ्या मनात नव्हतं."

"गोमूत्र तुमच्या हातात होतं, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "राग आहे का अजून?"

"हाव."

"मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

ती माझ्या आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी बाई, नांदेडच्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये चोरून फोन धरून बसलेली. मी क्षणभर विचार केला, आणि जे खरंच हवं होतं तेच सांगितलं. "तुमच्या मुलाला सांगा. सुनेला, नातवंडांना सांगा. सगळ्यांना एकत्र बसवून. सरांच्या समोर. तुम्ही काय केलं, कोणासोबत केलं, सगळं."



"ते नाही व्हायचं माझ्याकडून," काकू म्हणाल्या. "या वयात... मुलं काय म्हणतील?"

"मग मला फोन करू नका," मी म्हणाले आणि ठेवून दिला.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, थोडं जास्तच कडक बोललीस. बोलले असेन. परत तोच फोन आला तरी तेच बोलेन. अजून आलेला नाही.